जाईच्या तेलाच्या नावाखाली काय विकलं जातंय ते एकदा छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दोन रविवारांपूर्वी तुमच्या पुरवणीत अरोमाथेरपीवर (सुगंधी तेलांनी करायचे उपचार) अर्धं पान आलं होतं, त्यात जाईच्या तेलावर पाच-सहा ओळी होत्या की याने झोप लागते, टेन्शन जातं, डिप्रेशन बरं होतं, चेहरा उजळतो, दोन थेंब मनगटावर आणि मानेवर चोळायचे की झालं. तेव्हाच पत्र लिहायचं मनात होतं पण घरात पुतणीच्या लग्नाची गडबड, राहून गेलं. मंगळवारी जे बघितलं त्यानंतर मात्र बसलेच लिहायला.

मी पंचवटीत राहते, बावीस वर्षं झाली बाळंतिणींना आणि बाळांना मालिश करतेय, मधे पुण्याला जाऊन अरोमाथेरपीचा कोर्स पण केला, म्हणून हा विषय माझ्या रोजच्या हातातला आहे. आमच्याच गल्लीत एक सून बाळंत होऊन दीड महिना झालाय, तिच्याकडे मंगळवारी गेले तर मानेवर आणि दोन्ही मनगटांवर लालभडक चट्टे, खाजवून खाजवून साल निघालेली. म्हटलं अगं हे काय, तर म्हणे "मावशी, पेपरात जाईचं तेल आलं होतं ना, ह्यांनी प्रदर्शनातून आणलं, रात्री झोप नाही लागत म्हणून तसंच लावलं." तसंच म्हणजे काही न मिसळता, चार दिवस. बाटली मागितली. १५ मिली, किंमत १८० रुपये, वर मोठ्या अक्षरात '१०० टक्के शुद्ध जास्मिन एसेन्शियल ऑइल' (म्हणजे फुला-पानांतून काढलेलं निव्वळ सुगंधी तेल) आणि बाकी कोरं. कोणत्या फुलाचं, कोणी बनवलं, बॅच नंबर, तारीख, काहीच नाही. आणि आतमधलं तेल पाण्यासारखं स्वच्छ, रंगच नाही त्याला.

तिला मी काही बोलले नाही, ती बिचारी काय करणार, पेपरात छापून आलेलं आणि बाटलीवर शुद्ध लिहिलेलं, माणूस विश्वास ठेवणारच. पण हिशोब सांगते, तुम्हीच बघा. जाईची फुलं इतकी हलकी असतात की किलोभर व्हायला आठ-दहा हजार फुलं लागतात, आणि साधारण सहाशे-सातशे किलो फुलं घातली की शेवटी जे अस्सल तेल हाती येतं ते एक किलोच्या आसपास. म्हणजे १५ मिलीच्या एका बाटलीसाठी नऊ-दहा किलो फुलं, ऐंशी-नव्वद हजार फुलं, आणि तीही एकेक करून हाताने खुडलेली कारण जाई खुडायला मशीन नाही. आता फुलांचा भाव अगदी पडलेला, २०० रुपये किलो धरा, तरी नुसत्या फुलांचेच दोन हजार झाले. त्यावर मजुरी, कारखाना, बाटली, दुकानदाराचा नफा. १८० रुपयांत ते कुठून येणार? येऊच शकत नाही. हा हिशोब कुणीही पाटीवर मांडावा, त्याला शिक्षण लागत नाही.

मग बाटलीत असतं काय तर बहुतेक वेळा कारखान्यात बनवलेला वास. जाईच्या वासात बेंझाइल ॲसिटेट नावाचं एक द्रव्य सगळ्यात जास्त असतं, ते कारखान्यात स्वस्तात बनतं, त्यात अजून दोन-तीन गोष्टी मिसळल्या आणि पातळ करायला काहीतरी घातलं की जाईसारखा वास येतो. मी याला विष म्हणत नाहीये, अगरबत्ती, साबण, फिनाईल, रूम फ्रेशनर सगळ्यात हेच असतं आणि तिथे ते चालतं. पण ते 'शुद्ध' म्हणून विकणं आणि त्याने आजार बरा होतो म्हणून अंगाला चोळायला सांगणं हे वेगळं, ते चूक आहे, आणि त्यात नुकतीच बाळंत झालेली पोरगी असेल तर मला राग येतो, खरंच येतो.

आता खरं तेल कसं निघतं ते लिहिते कारण पुरवणीत 'फुलं वाफवून काढतात' असं होतं आणि ते बरोबर नाही. गवती चहाचं तेल वाफेवर निघतं, निलगिरीचं निघतं, लव्हेंडरचं निघतं. जाई-मोगऱ्याचं नाही निघत नीट, फूल इतकं नाजूक की वाफेच्या आचेने वासच बिघडतो आणि तेलही नावालाच येतं. म्हणून फुलं हेक्झेन नावाच्या द्रावकात भिजवतात, वास त्यात उतरतो, मग ते हेक्झेन उडवून टाकलं की मागे मेणासारखा गोळा राहतो, त्याला काँक्रीट म्हणतात (सिमेंटचं नाही, या धंद्यातला शब्द आहे). तो गोळा अल्कोहोलने धुवून मेण वेगळं काढलं, अल्कोहोलही उडवलं की उरतं ते ॲब्सोल्यूट. म्हणजे ज्याला आपण सरसकट जाईचं एसेन्शियल ऑइल म्हणतो ते खरं तर ॲब्सोल्यूट असतं, आणि जो माणूस हे काम प्रामाणिकपणे करतो तो बाटलीवर तोच शब्द लिहितो. हल्ली कार्बन डायऑक्साइड दाबाखाली वापरूनही काढतात, ते अजून महाग. रंग म्हणाल तर गडद, नारिंगी-तपकिरी, जुन्या मधासारखं आणि दाटसर. पाण्यासारखं दिसलं की तिथेच ओळखायचं.

पूर्वी फ्रान्समधे ग्रास गावाकडे काचेवर चरबीचा थर देऊन त्यावर रोज ताजी फुलं पसरायचे, आदल्या दिवशीची काढून टाकायची, असं कित्येक दिवस, कारण जाई आणि मोगरा खुडल्यावरही वास सोडतच राहतात, झाडावरून तोडलं म्हणून लगेच थांबत नाहीत. आणि हीच युक्ती आपल्याकडे त्याच्याही आधीपासून होती बरं का, उत्तरेत चमेलीचं, म्हणजे जाईचंच, फुलेल (फुलांचा वास मुरवलेलं तेल) करतात ते तिळावर फुलांचे थर देऊन, रोज फुलं बदलत, तिळाने वास पूर्ण प्यायला की मग ते तीळ घाण्याला लावायचे. तिकडे चरबी, इकडे तीळ. कनौजला तांब्याच्या डेगेत फुलं घालून मंद आचेवर अत्तर काढतात आणि ती वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात, तीही एक पद्धत आहे, पण चंदन इतकं महागलंय की बऱ्याच ठिकाणी चंदनाच्या जागी पॅराफिन वापरतात, म्हणजे अत्तर घेतानाही विचारूनच घ्यायचं.

नावांचा घोळ तर विचारूच नका. इंग्रजीत सगळ्यालाच जास्मिन. आपली जाई म्हणजे जॅस्मिनम ग्रँडिफ्लोरम, हिंदीत तीच चमेली. मोगरा म्हणजे जॅस्मिनम सॅम्बॅक. जुई म्हणजे जॅस्मिनम ऑरिक्युलेटम. तिन्हींचा वास वेगळा, कुठल्याही गजरेवालीला डोळे मिटून ओळखायला सांगा, ओळखेल. बाजारात अरोमाथेरपीसाठी येतात त्या मुख्यतः जाई आणि मोगरा, जाईचा वास जड, फळासारखा गोड, मोगऱ्याचा जरा हिरवट ताजा. आणि रातराणी जास्मिनच नाही, ती तर वांग्या-टोमॅटोच्या कुळातली. पारिजातक कुळाने जवळचा आहे पण तो जाई नाही. मारुतीला शेंदरात कालवायला जी चमेलीच्या तेलाची बाटली पूजेच्या दुकानात मिळते ते तर साधं तेल असतं वास घातलेलं, देवाला चालतं, पण माझ्याकडे एक बाई तेच घेऊन आल्या होत्या डोकेदुखीसाठी, जास्मिन म्हणजे चमेली ना मग हेच ना, असं त्यांचं म्हणणं. त्यांची काय चूक, त्यांना कुणी सांगितलंच नाही. आणखी एक, आयुर्वेदात जखमेवर जात्यादी तेल वापरतात त्यात जाईचा पाला असतो, फूल नाही, आणि तोंड आलं की आपण जाईची पानं चघळतो तीही पानंच. म्हणजे पाल्याचे गुण फुलाच्या तेलाला चिकटवून 'जखमा भरते' असं लिहायचं हे बरोबर नाही, तुमच्या पुरवणीत तेही होतं.

आता तुम्ही म्हणाल बाईंना जाईच्या तेलाचं एवढं वावडं कशाला. उलट आहे हो. माझी आई गंगेवर (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो) गजरे विकायची, बुधवारच्या बाजाराला तर आम्ही तिघी बहिणी पहाटेपासून दोरा घेऊन बसायचो, बोटांना केळीच्या सोपटाचा चिकट आणि मोगऱ्याचा वास दिवसभर. पुण्याला कोर्समधे पहिल्यांदा खऱ्या जाईच्या ॲब्सोल्यूटचं झाकण उघडून माझ्या नाकाजवळ धरलं तेव्हा मी मान मागे घेतली, इतका उग्र आणि घाण वाटला तो, डांबराच्या गोळीसारखा, काहीतरी कुजल्यासारखा. बाई म्हणाल्या थांबा, कागदाच्या पट्टीवर टोक बुडवून घ्या, अर्ध्या तासाने बघा. अर्ध्या तासाने बघितलं तर आईची टोपली. संध्याकाळची, ओल्या फडक्याखालची, कळ्या नुकत्या उमलायला लागलेल्या. माझ्या डोळ्यात पाणी आलं सगळ्यांसमोर. तो जो घाण वास येतो ना तो इंडोल नावाच्या द्रव्याचा, तेच द्रव्य विष्ठेतही असतं, आणि अगदी सूक्ष्म प्रमाणात तेच फुलाला फूलपण देतं, ते काढून टाकलं तर जाई साबणासारखी वाटते. स्वस्त बाटलीत हेच नसतं, झाकण उघडल्यापासून ते संध्याकाळपर्यंत एकच गोड सरळसोट वास. खऱ्या तेलाचा वास पट्टीवर तासातासाला बदलत जातो आणि दुसऱ्या दिवशीही रेंगाळलेला असतो. अर्थात नाकाने शंभर टक्के कळत नाही, पक्कं करायचं तर लॅबमधे गॅस क्रोमॅटोग्राफी करतात, म्हणजे तेलातली द्रव्यं वेगळी करून तपासतात, आणि चांगले विक्रेते त्या बॅचचा रिपोर्ट मागितला की देतात, न देणाऱ्याकडून घेऊ नका.

मग त्याचा उपयोग काय. माझा अनुभव सांगते आणि जे अभ्यास झालेत तेही सांगते, दोन्ही वेगळं ठेवून. माझ्या अनुभवात जाईचा वास माणसाला झोपवत नाही, मोकळं करतो. जी बाई घट्ट आवळून बसलेली असते, खांदे कानापर्यंत, रडूही येत नाही, तिच्या पाठीला जाईचा अगदी थोडा अंश घातलेलं तेल लावलं की ती बोलायला लागते. कधी रडते. त्यात वास किती आणि कुणीतरी अर्धा तास प्रेमाने पाठीवरून हात फिरवतंय याचा वाटा किती हे मला वेगळं काढता येत नाही आणि मी काढायच्या भानगडीत पडत नाही. वास नाकातून थेट मेंदूच्या त्या भागाशी जोडलेला आहे जिथे भावना आणि आठवणी असतात, एवढं तर शास्त्रच सांगतं, आणि आपल्या बायकांच्या आठवणीत जाई-मोगरा म्हणजे लग्न, हळदीकुंकू, डोहाळजेवण, आई, तर तो वास काम करणारच ना.

अभ्यासाचं म्हणाल तर २०१० साली थायलंडमधे ४० निरोगी माणसांवर जाईच्या तेलाचा प्रयोग झाला, तेल पातळ करून पोटाला लावलं, तर त्यांचा श्वासाचा वेग आणि ब्लड प्रेशर थोडं वाढलं आणि त्यांना जास्त जागं, तरतरीत वाटलं. वाढलं, कमी नाही झालं! आणि त्याआधी २००५ मधे जपानमधे जास्मिन चहाच्या अगदी मंद वासावर अभ्यास झाला त्यात लोक शांत झाले. म्हणजे किती प्रमाणात, कसं, नाकाने की त्वचेने, यावर सगळं फिरतं, 'झोप लागते' असं एका ओळीत छापता येत नाही. रात्री झोप येत नाही म्हणून त्या पोरीने चोळलं, आणि तेल खरं असतं तरी कदाचित अजून जागीच राहिली असती.

आणि तो व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज, जास्मिनचा वास झोपेच्या गोळीइतका, व्हॅलियमइतका गुणकारी, जर्मन शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं. मला तो वर्षातून चार वेळा येतो. तो अभ्यास खरा आहे, २०१० चा, जर्मनीतल्या बोखुमच्या विद्यापीठातला, पण त्यात जाईचं तेल नव्हतंच हो, प्रयोगशाळेत बनवलेली सुगंधी द्रव्यं होती, आणि प्रयोग पेशींवर आणि उंदरांवर होता. मेंदूतल्या ज्या ठिकाणी झोपेच्या गोळ्या काम करतात तिथे या द्रव्यांचा परिणाम दिसला, ही गोष्ट मोठीच आहे, पण बातमी होत होत ती 'जाईचं फूल हुंगा, गोळी सोडा' अशी झाली. यावरून कुणी खरंच डिप्रेशनची गोळी स्वतःहून बंद केली तर? डिप्रेशनचं औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडायचं नाही, जाईचा वास त्याच्या जोडीला खुशाल घ्या, बदली म्हणून नाही. पुरवणीत हे एक वाक्य असतं तरी मी पत्र लिहिलं नसतं.

बाळंतिणींचं मला जास्त लागतं म्हणून जरा सविस्तर. इंग्लंडमधे ऑक्सफर्डच्या हॉस्पिटलात १९९० ते १९९८ या काळात आठ हजारांवर बायकांना प्रसूतीच्या वेळी अरोमाथेरपी दिली होती, दहा तेलं होती त्यात जाईही होती, बऱ्याच जणींना भीती कमी झाल्यासारखं वाटलं. पण ते प्रशिक्षित सुईणींच्या हातून, हॉस्पिटलमधे. गरोदरपणात घरच्या घरी जाईचं तेल चोळायचं नाही, मी स्वतः कधी लावत नाही. आणि बाळंतपणानंतरची एक गोष्ट फार कमी जणींना माहिती आहे, दक्षिणेत दूध आटवायचं असेल तर छातीवर मोगऱ्याची फुलं बांधायची जुनी पद्धत आहे, आणि १९८८ साली त्यावर डॉक्टरांचा अभ्यासही छापून आला, दूध बंद करायच्या गोळीशी तुलना करून, तर फुलांनीही दूध आणणारं हार्मोन कमी झालेलं दिसलं, गोळीइतकं नाही पण झालं. म्हणून अंगावर पाजणारीने छातीच्या आसपास जाई-मोगऱ्याचं कुठलंही तेल लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. केसात गजरा माळायला माझी कधी ना नसते, खुशाल माळा. पण तेल नको, आणि तान्ह्या बाळाच्या खोलीत डिफ्युझर (तेलाचा वास हवेत पसरवणारं यंत्र) लावून खिडक्या बंद करून झोपणं तर अजिबात नको, मोठ्या माणसाला दमा असेल तरी नको.

बाकी ज्यांना वापरायचंच आहे त्यांच्यासाठी प्रमाण सांगते. जाईचं ॲब्सोल्यूट कातडीला ॲलर्जी करू शकतं हे सुगंधाच्या धंद्यातल्या सगळ्यांना माहिती आहे, म्हणून परफ्यूमवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमातही त्याला मर्यादा घातलेली आहे. ३० मिली तिळाच्या किंवा बदामाच्या तेलात चार थेंब, बस. जास्त घालून फायदा नाही, उलट वास डोक्यात जातो. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून चोवीस तास थांबायचं, मगच पाठीला वगैरे. पोटात घ्यायचं नाही, कुणी कितीही सांगो. डोळे, नाक, नाजूक जागा यांच्या जवळ नाही. आणि रुमालावर किंवा कागदाच्या पट्टीवर अर्धा थेंब घेऊन नुसतं हुंगलं तरी जे मिळायचं ते मिळतं, कातडीला लावायलाच हवं असं काही नाही, महाग तेल आहे ते, पाच वर्षं पुरतं एक छोटी कुपी. चेहरा उजळतो वगैरे मात्र विसरा.

संपादक साहेब, माझी मागणी तशी साधी आहे. अंगाला लावायची वस्तू म्हणून जे विकलं जातं त्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर, बॅच, तारीख आणि आतले घटक असायलाच हवेत, तो कायदाच आहे, आणि ते तपासायचं काम अन्न व औषध प्रशासनाचं आहे. नाशकात दर महिन्या-दीड महिन्याला कुठे ना कुठे प्रदर्शन भरतं, त्यात असल्या बिननावाच्या बाटल्यांचे स्टॉल असतात, आणि २०२७ च्या सिंहस्थाला तर गंगेवर लाखोंनी लोक येणार, तेव्हा 'त्र्यंबकची जाई', 'पंचवटीचं शुद्ध अत्तर' म्हणून काय काय विकलं जाईल याची मला आत्तापासून काळजी वाटते. तुमच्या वार्ताहराने दोन-चार बाटल्या घेऊन लॅबमधे द्याव्यात आणि जो रिपोर्ट येईल तो छापावा. आणि पुरवणीत पुन्हा जाईवर लिहाल तेव्हा ॲब्सोल्यूट हा शब्द, फुलाचं शास्त्रीय नाव आणि 'पातळ केल्याशिवाय लावू नका' एवढं तरी घाला, चार ओळीच जास्त होतील.

आणखी एक मनात येतं ते लिहूनच टाकते. त्र्यंबकच्या पुढे घाट उतरलं की जव्हार, मोखाडा, विक्रमगड, त्या भागात आदिवासी शेतकऱ्यांनी मोगरा लावलाय, कळ्या पहाटे खुडून गाडीने दादरच्या बाजारात जातात. ज्या दिवशी भाव पडतो त्या दिवशी त्या कळ्यांचं काय होतं ते कुणीतरी जाऊन विचारा. मोठा कारखाना नको, पण फुलेल करायला काय लागतं, तीळ आणि घाणा, आणि लाकडी घाणे तर आता नाशकात गल्लोगल्ली झालेत. 'मोगरा घातलेलं तिळाचं तेल' असं सरळ खरं नाव लावून विकलं तर मी पहिली गिऱ्हाईक.

घरी करायचं असेल तर आत्ता वैशाखात मोगरा भरपूर आहे. घाण्याचं तिळाचं तेल पाव लिटर, रुंद तोंडाची काचेची बरणी, अगदी कोरडी. संध्याकाळी टपोऱ्या कळ्या आणायच्या, पाणी मारलेल्या नकोत, फडक्यावर तासभर पसरून तेलात सोडायच्या, वर पातळ कापड बांधायचं. सकाळी सगळ्या गाळून काढायच्या, एकही पाकळी राहू द्यायची नाही नाहीतर तेल खवट होतं, संध्याकाळी परत ताज्या. आठ-दहा दिवस असं केलं की तेलाला मोगरा लागतो, बाजारच्या बाटलीसारखा भपकन नाही, मंद, केसांना चोळल्यावर कळणारा. हे एसेन्शियल ऑइल नाही, याने आजार बरा होत नाही, पण यात काय आहे ते आपल्याला माहिती असतं.

त्या सुनेला डॉक्टरांनी मलम दिलंय, चट्टे सुकायला लागलेत. बाटली मी मागून घेतली आहे, लॅबमधे द्यायची असेल तर माझ्याकडे आहे, निम्मी भरलेली.

आपली नेहमीची वाचक,
पंचवटी, नाशिक